ध्वनिक्षेपकांतील ट्वीटर व त्याची पारख



तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून बारामतीवरून आमच्या इंदापुरास येते व येथें रिंगण होतें, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. दिंडी दूर असतां प्रथम कानीं येतो तो मृदंगाचा घुमारा. टाळ वाजतच असतात, पण त्यांची चाहूल मात्र मोघम लागते. दिंडी जवळ येऊं लागली म्हणजे टाळांना धार चढते, आणि ती समोरून जातांना तर टाळांपुढें दुसरें कांहीं ऐकूंच येत नाहीं. याचें कारण वाजविणारांच्या हातांत नाहीं, मधल्या हवेंत आहे. अंतराबरोबर आवाज कमी होतो ही गोष्ट निराळी. ती सर्वच स्वरांस सारखी लागू आहे. परंतु त्याखेरीज हवा स्वतः ध्वनि शोषून घेते, आणि ह्या कामीं ती फार पक्षपाती आहे. सेकंदास १,००० कंपनें असलेला स्वर १०० मीटर हवेंतून गेला, तर त्याचा जेमतेम अर्धा डेसिबल ती घेते. १०,००० कंपनांचा स्वर तेवढ्याच वाटेंत सुमारें पंधरा डेसिबल गमावून बसतो.

असे हे उंच स्वर नाजूक असतात. घरांतील रेडिओ, दूरदर्शन संच किंवा गाण्याचें यंत्र ह्यांतून ते उत्पन्न करण्याचें काम ज्या लहानशा अवयवाकडे सोंपविलेलें असतें, त्यास ट्वीटर म्हणतात. बाजारांत ट्वीटर शेंकडों प्रकारचे मिळतात, आणि प्रत्येकाच्या खोक्यावर स्तुतिपाठ छापलेला असतो. त्यांची पारख कशी करावी, मोजमाप कसें घ्यावें, आणि मोजमापांत फसगत कोठें होते, हें आज सांगावयाचें आहे.

नांवाविषयीं दोन शब्द. पांखरांच्या चिवचिवाटास इंग्रजींत जो शब्द आहे त्यावरून ट्वीटर, आणि कुत्र्याच्या भुंकण्यावरून खर्जाच्या मोठ्या ध्वनिक्षेपकास वूफर, अशीं हीं बारशीं झालीं आहेत. नांव बरें आहे. कारण अनेक लहान पक्ष्यांचा कंठ २,००० ते ८,००० कंपनांच्या दरम्यान चालतो, आणि ट्वीटरचा मुख्य मुलूखही तोच. मात्र आमच्या तालुक्यांत भिगवणास, उजनीच्या पाणफुगवट्यावर ज्यांना पाहावयास इतके लोक येतात, ते रोहित पक्षी ह्या नांवाच्या कामाचे नाहींत. त्यांचा आवाज हंसासारखा घोगरा असतो.

आतां यंत्राकडे वळूं. आपल्या घरांतील बहुतेक ध्वनिक्षेपक ज्या तत्त्वावर चालतात, त्यास राइस आणि केलॉग ह्या दोघां अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं व्यवहार्य रूप दिलें. लोहचुंबकाच्या अरुंद फटींत तारेचें हलकें वेटोळें टांगलेलें असतें. त्यांतून गाण्याचा विद्युत्प्रवाह गेला कीं वेटोळें पुढें-मागें हलतें व आपणांस चिकटलेल्या पडद्यास हलवितें. खर्जाच्या स्वरांस पुष्कळ हवा लोटावी लागते, म्हणून तेथें पडदा मोठा हवा. पण मोठा पडदा जड असतो. सेकंदास दहा हजार वेळां मागें-पुढें होणें त्याच्या आवांक्यांत नाहीं. तो सबंध हलण्याऐवजीं जागोजाग निरनिराळा थरथरूं लागतो. म्हणून कामाची वांटणी आली. बेल प्रयोगशाळेंतील बॉस्टविक यांनीं १९३० च्या सुमारास केवळ उंच स्वरांसाठीं कर्णा जोडलेला लहान ध्वनिक्षेपक सिद्ध केला, आणि १९५८ सालीं एडगर व्हिल्चर यांच्या संस्थेनें घरगुती संचांत घुमटाच्या आकाराचा ट्वीटर आणला. आज सर्वत्र दिसणारा तो हाच: सुमारें २५ मिलिमीटर व्यासाचा, रेशमाचा, ॲल्युमिनियमचा किंवा टिटॅनियमचा छोटा घुमट.

कोणी म्हणेल, एवढ्या लहानशा वस्तूची इतकी चिकित्सा कशाला? गाणें काय, थोडें इकडे तिकडे झालें तरी गोडच लागतें. गाण्याचें मी सोडून देतों, बोलण्याचें पाहा. बोलण्यांतील जोर स्वरांत असतो, पण अर्थ पुष्कळसा व्यंजनांत असतो. ‘श’ मधील सूत्कार अडीच-तीन हजार कंपनांपासून पुढें पसरलेला असतो, ‘स’ मधला चार-पांच हजारांच्याही वर. जुन्या पद्धतीचा टेलिफोन सुमारें ३,४०० कंपनांपर्यंतच ध्वनि पोंचवीत असे. म्हणूनच नांव सांगतांना ‘स, समुद्रांतला स’ असा खुलासा करावा लागे. आपल्या मराठींत आणखी एक बारीक जागा आहे. ‘चार’ ह्या संख्येंतील च तालव्य, आणि गुरांच्या ‘चारा’ ह्या शब्दांतील च दंत्य. तालव्य च चें शेंपूट ‘श’ सारखें असतें, दंत्य च चें ‘स’ सारखें. लिहितांना दोन्ही एकच. भेद काय तो कानाला. उंच स्वर नीट न देणाऱ्या यंत्रांतून हे दोन च एकमेकांत मिसळून जातात. मी जन्मभर मुलांना शुद्ध वाचन शिकविण्यांत घालविलीं, तेव्हां मला ह्या गोष्टीची चीड येते हें आपण समजून घ्याल.

वडील माणसांस तर हा प्रश्न रोजचा आहे. वाढत्या वयाबरोबर कान वरच्या बाजूनें झिजत येतो, आणि अति मोठ्या आवाजानें होणारी इजा बहुधा ४,००० कंपनांच्या आसपास प्रथम दिसूं लागते, म्हणजे व्यंजनांच्याच प्रदेशांत. अशा माणसाची तक्रार ‘ऐकूं येत नाहीं’ अशी नसते. ‘ऐकूं येतें, पण कळत नाहीं’ अशी असते. कीर्तनाच्या मंडपांत अशी कुजबुज सुरू झाली कीं कर्णेवाला आवाज वाढवितो. त्यानें खर्ज वाढतो, गोंगाट वाढतो, आणि शब्द होते तेथेंच राहतात. मिरवणुकींतून ध्वनिक्षेपकांच्या ज्या भिंती उभ्या करतात, त्या तर चांगले कान बिघडविण्याचेंच काम करतात. कायद्यानें वस्तीच्या भागांत दिवसां ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत घातलेली आहे. ती कोणाच्या गांवीं किती पाळली जाते हें ज्यानें त्यानें आपल्या खिडकींतून ऐकावें.

एक गोष्ट आधींच सांगितली पाहिजे. मुळांत जे स्वर येतच नाहींत, ते ट्वीटर कोठून देणार? मध्यम लहरींवर शेजारशेजारच्या दोन केंद्रांसाठीं ९ किलोहर्ट्झचें अंतर ठेवलेलें असतें, त्यामुळें साध्या संचावर साडेचार-पांच हजार कंपनांपलीकडचें फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. एफ. एम. पद्धतींत मात्र १५,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि येतो. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानचें ‘वसुंधरा वाहिनी’ हें ९०.४ मेगाहर्ट्झवरील केंद्र ह्याच पद्धतीचें. तेव्हां दोन ट्वीटरांची तुलना मध्यम लहरींच्या कार्यक्रमावर करणें म्हणजे अंधारांत दोन रेशमी वस्त्रांचे रंग पाहण्यासारखें आहे.

आतां मोजमाप. पूर्वीं ह्यासाठीं भिंतींवरून मुळींच प्रतिध्वनि न येणारी, आंतून शोषक पाचरींनीं मढविलेली खोली लागे, आणि ती मोठ्या प्रयोगशाळांतच असे. आज मोजणीचा मायक्रोफोन कांहीं हजार रुपयांस मिळतो. त्याच्याबरोबर त्या विशिष्ट मायक्रोफोनची दुरुस्तीची सारणी दिलेली असते. ती घेतल्यावांचून पुढें जाऊं नये. संगणकावर चालणारी ‘रूम ईक्यू विझार्ड’ सारखी प्रणाली विनामूल्य मिळते. राहतां राहिला खोलींतील प्रतिध्वनीचा प्रश्न. त्याचें उत्तर मोठें मौजेचें आहे, आणि त्यास नवव्या इयत्तेची भूमिति पुरते.

ट्वीटर व मायक्रोफोन दोन्ही जमिनीपासून १.२ मीटर उंच, आणि एकमेकांपासून १ मीटर दूर ठेवा. सरळ आलेला ध्वनि १ मीटर चालतो. जमिनीवर आपटून आलेला किती चालतो? मधोमध जमिनीवर बिंदू घ्या. पाया अर्धा मीटर, उंची १.२ मीटर, म्हणून कर्ण १.३ मीटर. हा आपला ५, १२, १३ चा जुना ओळखीचा त्रिकोण. असे दोन कर्ण, म्हणजे २.६ मीटर. प्रतिध्वनीस १.६ मीटर अधिक चालावें लागलें. ध्वनीचा वेग सेकंदास ३४४ मीटर धरला तर तो सुमारें ४.६५ सहस्रांश सेकंद उशिरां पोंचतो. (आमच्याकडे वैशाखांत पारा ४० अंशांवर गेला कीं वेग ३५५ च्या घरांत जातो, पण त्यानें कांहीं बिघडत नाहीं.) संगणकास एवढेंच सांगावयाचें कीं, पहिल्या साडेचार सहस्रांश सेकंदांत आलें तेवढेंच धर, मागाहून आलेलें टाकून दे. झालें, भिंती व जमीन हिशेबांतून नाहींशा झाल्या. ह्या युक्तीची किंमत एवढीच कीं, एवढ्या थोड्या वेळांत सुमारें २१५ कंपनांच्या खालचा स्वर एक पूर्ण आंदोलनही करीत नाहीं, म्हणून खर्जाची मोजणी अशी होत नाहीं. ट्वीटरचें काम दोन-अडीच हजारांच्या वर सुरू होतें, तेव्हां त्याला ही अडचण नाहीं. वूफर मोजणाराच्या कपाळीं जी यातायात आहे, ती ट्वीटर मोजणाराच्या नशिबीं नाहीं. बाजूच्या भिंती व छत मात्र जमिनीइतके तरी दूर असावेत; शाळेचा मोकळा वर्ग ह्यास उत्तम.

मोजण्यासाठीं खालून वर सरकत जाणारा एकच अखंड स्वर वाजवितात. इटलींतील आंजेलो फरीना यांनीं २००० सालीं ह्या रीतीचें जें गणित मांडलें, त्यामुळें एकाच फेरींत ट्वीटरचा मूळ प्रतिसाद आणि त्यानें स्वतःच्या पदरचे मिसळलेले स्वर हे दोन्ही निरनिराळे हातीं येतात.

हातीं येतो तो एक आलेख: आडवी कंपनसंख्या, उभे डेसिबल. येथेंच पहिली फसगत आहे. उभ्या मापांत एका बोटाएवढ्या जागेंत पन्नास डेसिबल बसविले, तर सह्याद्रीसुद्धां सपाट दिसेल. शिवाय रेषा गुळगुळीत करण्याची सोय असते. ती सढळ हातानें वापरली कीं सगळे खांचखळगे बुजतात. दोन आलेख शेजारीं ठेवावयाचे तर दोघांचें उभें माप एक, गुळगुळीतपणा एक, अंतर एक, आणि ट्वीटर बसविलेली फळीही एक पाहिजे. फळीच्या कडेवरून ध्वनि परततो व मूळ ध्वनींत मिसळतो, म्हणून तोच ट्वीटर अरुंद फळींत एक रेषा काढतो आणि रुंद फळींत दुसरी.

दुसरी फसगत संवेदनक्षमतेच्या आंकड्यांत. एवढी वीज दिली तर एक मीटरवर एवढे डेसिबल, असा तो आंकडा असतो. प्रघात असा कीं, वीज २.८३ व्होल्ट दाबानें द्यावी. ८ ओहमच्या ट्वीटरला तेवढ्या दाबाखालीं बरोबर १ वॅट मिळतो. पण ४ ओहमच्या ट्वीटरला त्याच दाबाखालीं २ वॅट मिळतात! दुप्पट शक्ति म्हणजे ३ डेसिबल. तेव्हां ४ ओहमवाला ९२ आणि ८ ओहमवाला ८९ असा आंकडा दिसला, तर पहिला सरस नसून दोघे बरोबरीचे आहेत. दुकानदार हें सांगत नाहीं. कित्येकदां त्यालाही ठाऊक नसतें. घरगुती घुमटी ट्वीटर नव्वदीच्या आसपास असतात. सभा-मिरवणुकींतले कर्णेवाले ट्वीटर १०५ किंवा त्याहूनही वर. पंधरा डेसिबलचा हा फरक म्हणजे शक्तीच्या हिशेबानें सुमारें बत्तीस पट. म्हणून त्यांची कौतुकें दिवाणखान्याच्या कामाचीं नाहींत.

तिसरी गोष्ट बहुतेक जाहिरातींत नसतेच, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची तीच आहे. आलेख ट्वीटरच्या नाकासमोर बसून काढलेला असतो. घरांत मात्र आपण कोणी खुर्चीवर, कोणी झोपाळ्यावर, कोणी स्वयंपाकघराच्या दारांत असतों. शिवाय कानीं पडणारा पुष्कळ ध्वनि भिंतींवरून फिरून आलेला असतो. म्हणून ट्वीटर बाजूंना काय पाठवितो हें मोजलें पाहिजे. फळी १५, ३०, ४५, ६० अंशांतून फिरवून प्रत्येक वेळीं नवी रेषा काढावी. ३,००० कंपनांच्या लहरीची लांबी साडेअकरा सेंटिमीटर असते. तिच्यापुढें २५ मिलिमीटरचा घुमट बिंदूसारखा, म्हणून ती चहूंकडे पसरते. पण कंपनसंख्या १३,७६० झाली कीं लहरीची लांबी घुमटाएवढीच, २५ मिलिमीटर, होते, आणि ध्वनि बॅटरीच्या झोतासारखा समोर धांवतो. ह्या रेषा वरच्या बाजूस हळूहळू, शिस्तीनें उतरत गेल्या तर ट्वीटर गुणी. मध्येंच एखादी रेषा उसळली वा कोसळली, तर समोरचा आलेख कितीही देखणा असो, घरांत तो आवाज डाचेल. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेंत फ्लॉइड ट्यूल यांनीं १९८० नंतरच्या दशकांत पडद्याआड ठेवलेल्या ध्वनिक्षेपकांवर अनेक श्रोत्यांची परीक्षा घेतली. समोर सपाट व बाजूंनाही नितळ असा प्रतिसाद देणारे ध्वनिक्षेपकच लोकांच्या पसंतीस उतरले.

विकृतीच्या आंकड्यांचें थोडक्यांत सांगतों. १२,००० कंपनांच्या स्वरांत ट्वीटरनें भेसळ केली, तर ती पहिलीच २४,००० वर पडते, आणि ती ऐकण्यास वटवाघूळ पाहिजे. म्हणून भेसळ पाहावयाची ती खालच्या टोकास, दोन-तीन हजारांपाशीं. तेथें ट्वीटर घाम गाळतो. तोच आवाज राखून कंपनसंख्या निम्मी केली, तर घुमटास चौपट हलावें लागतें. ४,००० वरून १,००० वर उतरलें तर सोळा पट. प्रत्येक घुमटाची स्वतःची एक स्वाभाविक कंपनसंख्या असते, बहुधा ५०० ते १,५०० च्या दरम्यान. वूफरकडून ट्वीटरकडे काम सोंपविण्याची सीमा निदान तिच्या दुप्पट तरी वर ठेवावी. खालचे स्वर अडविण्यास वाटेंत कंडेन्सर घालतात. ८ ओहमच्या ट्वीटरला ४,००० वर सीमा घालावयाची तर हिशेबानें सुमारें ५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर येतो, बाजारांत ४.७ चा मिळतो. तो न घालतां ट्वीटर जोडणें म्हणजे तट्टाला नांगरास जुंपणें होय.

खोक्यावरील ‘१०० वॅट’ ह्या अक्षरांनींही भुलूं नये. गाण्यांतील शक्तीचा फार थोडा भाग उंच स्वरांत असतो. कंडेन्सर बाकीचा गाळून टाकतो, एवढ्या गृहीतावर तो आंकडा दिलेला असतो. ट्वीटरच्या बारीक वेटोळ्यांत शंभर वॅट सतत घातले तर क्षणांत धूर निघेल. मंडपवाल्यांचे ट्वीटर वरचेवर जळतात, त्याचें एक मोठें कारण ॲम्प्लिफायर कुवतीबाहेर पिळणें हें असतें. लहरीचे माथे कापले जातात, सरासरी शक्ति वाढते, आणि कापलेल्या माथ्यांतून नवे उंच स्वर उत्पन्न होऊन सगळे ट्वीटरच्या अंगावर येतात.

मोजून झाल्यावर ऐकावें. ऐकून झाल्यावर मोजूं नये, कारण मग मन आपला निकाल आंकड्यांतून शोधूं लागतें. ऐकतांना दोन पथ्यें कडक पाळावीं. एक, दोन्ही ट्वीटरांचा आवाज मोजून अगदीं सारखा करावा, पाव डेसिबलचाही फरक नको. किंचित मोठा वाजणारा नेहमीं अधिक ‘स्पष्ट’ वाटतो, आणि विकणारास ही विद्या चांगली अवगत असते. दुसरें, कोणता वाजतो आहे हें ऐकणारास कळतां कामा नये. १९९४ सालीं ट्यूल व ऑलिव्ह यांनीं त्याच श्रोत्यांकडून तेच ध्वनिक्षेपक एकदां डोळ्यांदेखत व एकदां पडद्याआड ऐकवून घेतले, तेव्हां डोळ्यांदेखत दिलेल्या गुणांत रूप व किंमत ह्यांची भर पडलेली आढळली. घरांत एक जुनेर आडवें टांगलें कीं हें काम भागतें.

ऐकण्यास काय लावावें? टाळ-चिपळ्यांचें भजन उत्तम. टाळाचा आघात व त्यामागून राहणारी झणकार हीं दोन्ही निराळीं उमटलीं पाहिजेत. तंबोरा दुसरा. त्याच्या जवारींतून उंच स्वरांची केवढी दाटी उठते, हें सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या तंतुवाद्यांवरील निबंधांत दाखविलें आहे. आणि तिसरें, घरांतल्याच ओळखीच्या माणसाचें ध्वनिमुद्रित वाचन: त्यांत ‘चार’ यावा, ‘चारा’ यावा, ‘सशाचें’ यावें. ऐकणारांत एक तरुण अवश्य असावा. साठी उलटलेल्या माझ्यासारख्या कानांनीं बारा हजारांपलीकडचा निकाल देणें हा आगाऊपणा आहे. तेथें नातवाची साक्ष घ्यावी.

जुना संच असेल तर डावा व उजवा ट्वीटर एकाच जागीं, एकामागून एक मोजून पाहावा. पुष्कळ ट्वीटरांच्या फटींत वेटोळें थंड राहावें म्हणून चुंबकास धरून राहणारें एक तैलयुक्त द्रव्य घातलेलें असतें. वीस-पंचवीस वर्षांत तें घट्ट होतें, दोहोंत सारखें होत नाहीं, आणि एक बाजू कांहीं डेसिबलनें मंद पडते. घुमट न फाटेल अशा बेतानें तो उचलून, टिपकागदानें जुनें द्रव्य टिपून नवें घालतां येतें. मात्र तें त्याच जातीचें व तेवढ्याच मापाचें पाहिजे, आणि बसविल्यावर पुन्हां दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवून पाहिल्या पाहिजेत.